माथ्यापलीकडचा उतार

हेल्पर गावात आम्हा लोकांचं काम एकच. खोऱ्यातून वर सोल्जर समिटच्या माथ्याकडे जाणाऱ्या मालगाडीच्या मागे इंजिन लावायचं, घाट संपेपर्यंत तिला रेटायचं, माथ्यावर सुटं व्हायचं आणि मोकळं इंजिन घेऊन परत खाली यायचं. गावाचं नावही त्यावरूनच पडलेलं. ओरेस्ते बर्तान्योली या कामावर सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि गेली काही वर्षं मी त्यांचा फायरमन, भट्टीत कोळसा घालणारा. ते टिरोलहून आलेले, मी मॅनोली, ग्रीकाचा मुलगा. पण काकाला बार्बा म्हणायची रीत दोघांच्याही घरात होती, म्हणून ते माझे बार्बा.

स्वस्थ बसणं बार्बांना जमायचंच नाही. चालत्या इंजिनात ते दर थोड्या वेळाने उठायचे, माझ्या अंगावरून वाकून बॉयलरमधली पातळी दाखवणारी पाण्याची काच पुसायचे, पुन्हा जाऊन बसायचे.

"बार्बा, काच स्वच्छ आहे."

"मला दिसत नाही का?"

लेक सासरी गेल्यावर हे जास्तच वाढलं. लेनाने माथ्यापलीकडच्या प्रोव्होतल्या ऑर्सन ख्रिस्टेन्सनशी लग्न केलं होतं. जावई आमच्याच रेल्वेत, पलीकडच्या बाजूला ड्रायव्हर. पण मॉर्मन पंथाचा; त्या लोकांना कॉफी वर्ज्य. "ज्या घरात कॉफी होत नाही त्या घरात माझी मुलगी?" बार्बा म्हणाले, आणि त्या दिवसापासून पलीकडे आपलं कोणी नाही असं त्यांनी जाहीर केलं. पुढे तिला मुलगा झाला, तरी गेले नाहीत. रोज माथ्यापर्यंत चढायचे मात्र. तिथे इंजिन वळवून होईतो खिडकीतून मान काढून पलीकडच्या रुळांकडे बघत राहायचे. मी काही बोललो की म्हणायचे, सिग्नल बघतोय. तो सिग्नल आमच्या कामाचा नव्हता.

मग डिझेल इंजिनं आली. दोन माणसं नुसती बसून असायची आणि गाडी घाट चढायची. पाणी नको, कोळसा नको, रेटायला आम्हीही नको. आमची वाफेची थोराड इंजिनं एकेक करून भंगारात निघाली. सन पन्नासच्या ऑक्टोबरात आमच्या इंजिनाचा हुकूम आला: स्वतःच्या वाफेवर प्रोव्होच्या यार्डात नेऊन सोडावं.

बार्बांनी पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं. त्यांची बायको असुंता पाव आणि सॉसेजची पुरचुंडी घेऊन शेडपर्यंत आली.

"पोट दुखतंय ना? मग पुरचुंडी मॅनोलीकडे देते. लेनाला दे रे बाबा."

"मी यार्डात इंजिन ठेवणार आणि परत येणार," बार्बा म्हणाले.

"ये की. तुला कोण अडवतंय? नातवाला बघून कोणी मेलेलं मी तरी ऐकलं नाही."

पुढे गाडी नव्हती, त्यामुळे त्या दिवशी इंजिन घाट असं चढलं की जणू त्याला कुणी बोलावलंय. बार्बांना ते सोसत नव्हतं. वाफ कमीजास्त करायचा दांडा सारखा मागेपुढे करत होते.

माथ्यावर थांबावं लागलं. अनोळखी रुळांवर वाटाड्या घेतल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही, असा नियम होता. पायऱ्या चढून एक तांबूस केसांचा तरुण वर आला, टोपी काढून उभा राहिला.

"ऑर्सन ख्रिस्टेन्सन. खाली प्रोव्होपर्यंत मी तुमच्याबरोबर."

बार्बांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "दुसरं कोणी नव्हतं?"

"होते. मी मागून घेतली ही ड्युटी."

"का?"

"दुसरं कोणी असतं तर तुम्ही यार्डातूनच परत गेला असता."

मी फावडं उगाच इकडचं तिकडे ठेवलं. बार्बांनी ब्रेक सोडला.

पलीकडचा उतार आमच्या बाजूपेक्षा अवघड आहे. ऑर्सन माझ्यामागे उभा राहून हळू आवाजात सांगत होता: आता वळण, आता थोडा ब्रेक. बार्बा ऐकत होते, पण ऐकल्याचं दाखवत नव्हते. एका जागी तो म्हणाला, "इथे आवरा." त्यांनी आवरलं नाही. इंजिन पळायला लागलं. वळणावर चाकं किंचाळली, माझा खांदा लोखंडावर आपटला. ऑर्सन जागचा हलला नाही. "सर, आवरा," पुन्हा तेवढंच म्हणाला. तेव्हा कुठे बार्बांनी ब्रेक मारला.

ते वळण मागे पडलं.

"पोरगा केवढा झाला?" बार्बांनी पुढे बघतच विचारलं.

"चार वर्षांचा. एका जागी बसत नाही. जेवताना लेना त्याला खुर्चीला बांधते."

"बांधू नका त्याला," बार्बा तडकले. मग जागेवरून उठले. "ये, बस इथे. रूळ तुझे आहेत. मला कुठे काय लागतं ते कळत नाही."

ऑर्सनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. उरलेला उतार त्याने उतरवला आणि बार्बा दाराच्या दांडीला धरून उभे राहिले. पाण्याची काच त्यांनी एकदाही पुसली नाही.

यार्डात मी विस्तव खाली ओढून काढला. वाफ उतरत गेली. बार्बा यार्डाच्या फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी पुरचुंडी माझ्या हातातून हिसकावून ऑर्सनच्या मागे चालायला लागले, आणि त्यांच्यामागे मी.

लेनाने दार उघडलं. रडली वगैरे नाही.

"आत येताय, की पाणी भरून परत निघालात?"

"आईने दिलंय," बार्बांनी पुरचुंडी पुढे केली.

"आणि तुम्ही काय आणलंत?"

"मॅनोलीला आणलं," ते म्हणाले. तेव्हा ती हसली आणि बाजूला झाली.

घरात ते बसले, उठले, खिडकी लागते का बघितली, दाराची बिजागरी हलवून पाहिली. नातू पहिल्यांदा लांबून बघत होता. मग तोही त्यांच्यामागून खोलीभर फिरायला लागला. ऑर्सनने गरम दूध आणून ठेवलं. बार्बांनी ते उभ्यानेच प्यायलं आणि कॉफी नसल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या मानाने ते मोठं होतं.

मला त्याच हिवाळ्यात नोकरीवरून काढलं. मी कोळशाच्या खाणीत लागलो. बार्बांनी पेन्शन घेतली. आमचं इंजिन वसंतात तोडलं. त्याला बघायला ते गेले नाहीत, पण प्रोव्होला जायला लागले. असुंता तिथे महिना महिना राहायची. बार्बा तिसऱ्या दिवशी परत यायचे, चार दिवस गावात भटकायचे आणि पुन्हा स्टेशनावर हजर.

"बार्बा, एका ठिकाणी राहा की," एकदा मी म्हणालो.

"तिथे असलो की इथलं आठवतं. इथे आलो की पोरगा," ते म्हणाले, आणि गाडीला अजून अवकाश असतानाही फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.