शहजादीवरचा आळ

खंडाळ्याच्या फकरुद्दीनचाचांची गाडी घाटात गरम होते, ही बातमी लोणावळ्याच्या बाजारात गाडीच्या आधी पोचली. गाडीचं नाव शहजादी. तिचा मूळ रंग कुठला यावर चाचांच्या घरातही एकमत नव्हतं, पण अख्ख्या आयुष्यात ती एकदाही गरम झाली नव्हती. गरम व्हायचे ते चाचा. आणि हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं चाचांना वाटायचं.

चाचा पर्यटकांना पॉइंट दाखवायचे. पॉइंट फुकटचे, दरी फुकटची. लोक बसायचे ते चाचांच्या तोंडासाठी. राजमाची पॉइंटला गाडी थांबली की चाचा धुक्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हे दाट धुकं बघताय ना? माझ्या मेव्हण्यानं एकदा यावर लुंगी वाळत घातली. ऊन आलं, धुकं उठलं, आणि लुंगी खोपोलीत उतरली. ज्याला मिळाली तो अजून देत नाही. म्हणतो, वरून आलेली आहे." पुढच्या वळणावर पडसादाची गोष्ट. इथला पडसाद उशिरा येतो, कारण वाटेत भजी खायला थांबतो. मुंबईच्या एका बाईंनी तर पडसादासाठी भजी बांधून नेली होती म्हणे. चाचा सांगतात म्हणजे नेलीच असणार.

असा हा माणूस. आणि एका सकाळी खंडाळ्याच्या उतारावर, रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, गाडीत हसरी माणसं, तरी चाचांच्या छातीत कुणीतरी खलबत्ता कुटायला बसलं. हाताला घाम फुटला. स्टिअरिंगवरचे हात आपले नाहीत, दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत असं वाटायला लागलं. आता संपलं, असं मनात आलं. कशीबशी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि पाहुण्यांना तोंड दिसू नये म्हणून बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"काय झालं, चाचा?"

"गरम झालीय बिचारी," चाचा आतून म्हणाले.

मग निळ्या कॅनमधलं पाणी त्यांनी रेडिएटरवर ओतलं. रेडिएटर माठासारखा थंड होता. श्वास ठिकाणावर येईपर्यंत चाचा ओतत राहिले. पाहुण्यांनी तेवढ्यात फोटो काढून घेतले.

त्या दिवसापासून हे सुरूच झालं. चाचांनी छाती तपासून घेतली. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे. चाचांना वाटलं, मशीन जुनं असणार. गाडी तपासायला नवाजच्या गॅरेजात नेली. नवाजनं ती उघडली, हुंगली, पळवून आणली.

"चाचा, ही माझ्यापेक्षा तंदुरुस्त आहे."

"गॅरेजात आली की शहाण्यासारखी वागते. लोकांसमोर बिघडायची लाज वाटते तिला."

"लोकांसमोरच तर बिघडते म्हणता ना तुम्ही?"

"तू नट आवळ," चाचा म्हणाले.

खरं सांगायचं तर कुणाला? घाटातला ड्रायव्हर आणि घाबरतो? उद्या गाडीत बसेल कोण? बरं, डोक्याच्या डॉक्टरकडे जावं तर बाहेर बसलेला ओळखीचा निघणार. डॉक्टरकडे गेला म्हणजे वेडा, वेडा म्हणजे लायसन गेलं. असा सगळा हिशेब चाचांनी मनातल्या मनात केला आणि गाडीच विकायची ठरवली. नवाजनं कामशेतचं एक गिऱ्हाईक आणलं. शुक्रवारी नमाजनंतर तो येणार आणि शहजादीला घेऊन जाणार.

बिस्मिल्लाचाची भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "गाडीला बोल लावू नका. ती बिचारी तुमच्याएवढं खोटं बोलत नाही."

चाचांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

या सगळ्यात चाचा एका कट्ट्यावर जाऊन बसले होते. कट्टा म्हणजे फोनमधला. त्याचं असं झालं की तळेगावच्या एका औषधाच्या दुकानात सारिका नावाची मुलगी काउंटरला असते. चाचा सारखे गॅसच्या गोळ्या न्यायला लागले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "चाचा, गॅस घाटातच होतो का?" चाचा गोळ्या न घेताच निघाले, तर तिनं मागून येऊन फोनवर एक लिंक दिली. तिला स्वतःला कधीकाळी अशीच धडधड व्हायची. बरी झाल्यावर तिनं मावळातल्या माणसांसाठी ग्रुप काढला होता. नाव, 'धडधड कट्टा'. "खरं नाव नको असेल तर दुसऱ्या नावानं या," ती म्हणाली.

चाचा आले. नाव लावलं, 'शहजादी'.

झालं, कट्टा समजला, कुणी तरणी पोरगी आली. नाणे मावळातल्या सरुबाईनं लगेच आवाज पाठवला, "ये गं पोरी, बस. लगीन झालंय का?" चाचांनी एक गुलाबाचं फूल पाठवून वेळ मारून नेली.

त्या आठवड्यात सारिकानं कट्ट्यावर लिहिलं, "चिंतेच्या आजाराबद्दल ऐकलेला एखादा गैरसमज इथे लिहा. मोकळेपणानं चर्चा करू."

उत्तरात आले हात जोडलेले, अंगठे, आणि सूर्योदयाचा एक फोटो. चर्चा नाही. कशी असणार? ज्याला आपण गैरसमज म्हणायचं, तोच प्रत्येकाच्या उशीखाली होता. सारिकानं परत विचारलं. परत सूर्योदय.

चाचांना ती शांतता सोसेना. गाडीत सगळे गप्प बसले की त्यांची जीभ वळवळायची, ती सवय. त्यांनी लिहिलं:

"माझी गाडी घाटात गरम होते. मेकॅनिक म्हणतो, बिघाड काही नाही. गॅरेजकडे जाताना तर गाणी म्हणते. शेजारी म्हणतो, नाटक करते. मेव्हणा म्हणतो, दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांध. बांधली. गाडीनं लिंबू पिळून सरबत केलं आणि मिरची परत दिली. एक जण म्हणतो, ही श्रीमंतांच्या गाड्यांची दुखणी, तुझ्या खटाऱ्याला कुठून? आणि सगळे म्हणतात, घाटात नेऊच नको, आपोआप बरी होईल. यात खरं कुठलं?"

मग कट्टा असा हसायला लागला की फोन चाचांच्या मांडीवर उड्या मारायला लागला.

आणि हसता हसता लोक बोलायला लागले.

देहूरोडचे राजेंद्र, लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, दोन ओळींच्या वर कधी लिहायचे नाहीत. त्यांनी लिहिलं, "शहजादी मॅडम, नाटक नाही ते. डेपोत मला चक्कर यायची, श्वास पुरायचा नाही. वरचे म्हणाले, शिस्त कमी पडते. शिस्तीत उभा असतानाच यायची!" आणि थोड्या वेळानं, "घाट टाळू नका. मी आधी लिफ्ट टाळली. मग बस. मग लोकल. आता घोरावाडी स्टेशनच्या पुढे जाणं बंद. टाळलं की भीती कमी होत नाही, आपला नकाशा कमी होतो."

मग सरुबाईचा आवाज आला. मागे कोंबडी ओरडत होती.

"माजं ऐका. माजं ऊर धडधडाय लागलं, हातपाय कापाय लागलं, तर घरची म्हनली, आंगात आलं! पाटावर बसिवली, कपाळाला हळद लावली. मला श्वास घेता येईना आन् शेजारची बया इचारती, आये, माजी म्हस कुटं गेली? म्या म्हनलं, मरू दे तुजी म्हस! झालं. गावभर बातमी, देवीनं सांगितलं म्हस मेली. बया रडरड रडली. आन् म्हस पल्याडच्या वाडीत चरत हुती!"

चाचा एकटेच अंगणात गाडीत बसून हे ऐकत होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

सारिकानं सगळ्यांचं बोलणं एकत्र बांधलं. म्हणाली, धडधड वर चढते तशी खालीही उतरते, जीव घेत नाही. हृदय एकदा तपासून घ्यायचं आणि डॉक्टर ठीक म्हणाले तर त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. दृष्ट काढून घरच्यांना बरं वाटत असेल तर वाटू दे, पण दवाखाना सोडायचा नाही. मनाच्या डॉक्टरकडे जाणारा वेडा नसतो, कंटाळलेला असतो.

पुन्हा राजेंद्र. "गाडीचं कळलं. ड्रायव्हर कसा आहे?"

बाहेर चाची कपडे वाळत घालत होत्या. उद्या शुक्रवार. उद्या या वेळी या सीटवर कामशेतचा माणूस बसलेला असणार.

त्यांनी टाइप केलं, "ड्रायव्हर मजेत." पुसलं. "ड्रायव्हरचं काय विचारता." पुसलं.

तेवढ्यात सरुबाईचा आवाज. या खेपेला कोंबडीही गप्प होती.

"पोरी, लावणीला आमी सावड करतो. आज समदी तुज्या वावरात, उद्या समदी माज्या. कुनी एकट्यानं चिखलात वाकायचं न्हाई. म्या माजं सांगितलं, ह्या भाऊंनी त्यांचं सांगितलं. आता तुज्या वावरात यायचं हाय आमाला. बांधावरच उभं करतीस व्हय?"

मावळात सावडीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. चाचांनी बटण दाबून धरलं आणि घसा खाकरला.

"मी फकरुद्दीन. खंडाळ्याचा. गाडीला काही झालेलं नाही. गरम मीच होतो. वळण आलं की वाटतं, मेलो. मग बॉनेटमध्ये तोंड लपवतो. उद्या गाडी विकतोय. ती गेली की मग मला लपवायला काही उरणार नाही, आणि बोलायलाही."

कट्टा गप्प. इतका गप्प की सूर्योदयसुद्धा आला नाही.

मग सरुबाई. "आगं बया! ही पोरगी न्हाई, हा तर बाप्या हाय!" आणि तिच्या हसण्याचा असा धबधबा कोसळला की भुशी धरणानं लाजून तोंड फिरवावं. हसणं थांबल्यावर आवाज मऊ झाला. "भाऊ, लय वझं वागवलंत. आता खाली ठिवा."

राजेंद्रांनी लिहिलं, "चाचा, बाजूला थांबता ते बरोबर करता. बॉनेट उघडू नका, बस्स. थांबण्यानं माणूस दमत नाही, लपवण्यानं दमतो."

सारिकानं एका डॉक्टरांचं नाव पाठवलं. खाली लिहिलं, "मला गोळ्यांवरूनच कळलं होतं, चाचा. पण तुम्हीच सांगायची वाट बघत होते."

चाचा मान वर करून बघतात तर खिडकीशी बिस्मिल्लाचाची. हातात ओला शर्ट. सगळं ऐकलेलं.

"डॉक्टरकडे कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"रेडिएटरवर पाणी ओतून घरी येता आणि स्वतः मात्र तांब्यावर तांब्या पिता. मी काय आंधळी आहे?"

शुक्रवारी कामशेतचा माणूस आला. चाचांनी त्याला चहा पाजला, लुंगीची गोष्ट ऐकवली आणि परत पाठवला. मग त्यांनी नवाजला सगळं सांगितलं, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मग मी इतके दिवस इंजिनात काय शोधत होतो?" आणि पाना पुसून ठेवत पुढे म्हणाला, "परत गाडी काढाल तेव्हा पहिल्यांदा मी बसतो शेजारी."

डॉक्टरांनी काही दिवस प्रवासी नेऊ नका म्हणून सांगितलं, औषध दिलं, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. मग नवाजला घेऊन छोटी वळणं, मग मोठी. धडधड आली की बाजूला थांबायचं, ओसरू द्यायची, पुढे निघायचं. ती अजून येते. पण पूर्वी वाघासारखी यायची, आता ओळखीच्या पाहुण्यासारखी येते, आणि बसायला पाट दिला की लवकर उठते.

चाचांनी सावड फेडायची ठरवली. सरुबाईनं एकदा म्हटलं होतं, "लोक कुटनं कुटनं येत्यात, आन् आमी जल्मापासून हितं, पॉइंट म्हंजी काय ते बघितलं न्हाई." म्हणून एका रविवारी शहजादी लोणावळा स्टेशनबाहेर उभी राहिली, धुतलेली, आरशाला मोगरा. सारिका आणि सरुबाई आधीच आल्या होत्या. सगळ्यांचे डोळे फलाटाकडे. राजेंद्र लोकलनं येणार होते. घोरावाडीच्या पुढे.

लोकल आली. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला, हातात पिशवी, असा एक उंच माणूस उतरला, आणि खांबाला टेकून उभा राहिला. कुणी धावलं नाही. त्यांचा श्वास बसू दिला. मग ते चालत आले, चाचांना कडकडून भेटले आणि म्हणाले, "तुमच्या गाडीमुळे आलो."

"गाडीला सांगा," चाचा म्हणाले. "तिच्यावर लय दिवस आळ घेतला मी."

खंडाळ्याच्या त्याच उतारावर, त्याच वळणाच्या अलीकडे, छातीत खलबत्ता वाजायला लागला. चाचांनी गाडी बाजूला घेतली. उतरले. जुन्या सवयीनं हात बॉनेटकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"गरम झाली व्हय?" सरुबाईनं आतून विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे, मावशी. मीच जरा झालोय. थांबा थोडं."

"थांबू की. कुटं म्हस हरवलीया?"

चाचांनी निळा कॅन काढला, झाकण उघडलं, आणि रेडिएटरवर ओतायचं ते पाणी पहिल्यांदाच स्वतः प्यायले. गोड लागलं. राजेंद्रही उतरून शेजारी उभे राहिले, तेही प्यायले. खाली दरीत ऊन उतरत होतं. धडधड चढली, टोकाला गेली, आणि उतरली.

चाचांनी शहजादीच्या बॉनेटवरून हात फिरवला. मोगऱ्याचा वास येत होता. त्यांनी मनात अल्लाचे आभार मानले, मग चाचीचे, मग कट्ट्यावरच्या या तिघांचे, नवाजचे, आणि न सांगता सगळं सोसलेल्या या खटाऱ्याचे.

मग ते गाडीत बसले, चावी फिरवली, आणि दरीकडे बोट दाखवलं. "मावशी, तिकडे तो पांढरा ठिपका दिसतो?"

"दिसतो की. काय हाय त्यो?"

"माझ्या मेव्हण्याची लुंगी," चाचा म्हणाले, आणि गाडी वळणाला लागली.