सोलिन्याक किती?

गिरिजानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि वर मिस्टर सोलिन्याक छपराच्या पन्हाळीतली कुजकी पानं मूठमूठ उपसून खाली टाकत होते. त्यांतली निम्मी तिच्या डोक्यावर पडत होती. एक्याऐंशीव्या वर्षी माणसानं शिडीवर चढू नये, हे तिनं तीनदा सांगून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा ते "मग तू चढ" म्हणाले, तेव्हा तिनं शिडी धरली.

"तू आकड्यांचं शिकतेस ना?" वरून आवाज आला.

"हो. स्टॅटिस्टिक्स."

"मग मोजून सांग. माझ्या आडनावाची माणसं किती उरलीत?"

गिरिजाला वाटलं, म्हातारबुवा गंमत करतायत. पण पानं पडायची थांबली होती. तिनं वर पाहिलं, तर ते पन्हाळीला धरून तिच्याकडेच बघत होते.

"कुठे? अमेरिकेत?"

"कुठेही. नावं-पत्ते नकोत मला. नुसता आकडा. हे नाव माझ्याबरोबर संपतंय की कसं, तेवढं कळलं म्हणजे झालं."

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या त्या दुमजली घरात वर गिरिजा आणि आश्लेषा भाड्यानं राहत आणि खाली घरमालक एकटेच. विद्यापीठाच्या बॉयलर-हाउसमध्ये नोकरी करण्यात त्यांची सगळी हयात गेलेली. थंडी पडू लागली की ते आधी मुलींचा हीटर तपासत आणि मग स्वतःचा. बोलणं मात्र तोलूनमापून. आजोबा क्रोएशियातल्या एका बेटावरून इथल्या कोळशाच्या खाणीत आले आणि बायको वारली, या दोन गोष्टींपलीकडे दोन वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं नव्हतं. अशा माणसानं आपण होऊन काही मागावं, याचीच गिरिजाला इतकी अपूर्वाई वाटली की तिनं शिडी न सोडता हो म्हणून टाकलं.

शिवाय हे काम तिच्या घरातलंच होतं. तिचे बाबा, मनोहर बिवलकर, चिपळूणच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून बिवलकरांच्या कुलवृत्तांताच्या मागे लागले होते. खांद्याच्या पिशवीत छापील अर्ज घालून ते गावोगावच्या बिवलकरांच्या दारात उभे राहत आणि चहा होईपर्यंत निम्मा अर्ज भरून घेत. मूळ गाव, कुलदैवत, जन्म, लग्न, मुलं. मुलगे असले की शाखा पुढे सरके. नुसत्या मुली असल्या की त्या कुठे दिल्या ते नोंदवून शाखा तिथेच थांबे. गिरिजा एकुलती एक. प्रुफं तपासताना आपल्या शाखेखालची कोरी जागा तिनं पाहिली होती. तिला वाईट वाटलं होतं, पण बाबांना काही न बोलता तिनं पान उलटलं होतं.

आता तिनं बाबांचाच अर्ज इंग्रजीत उतरवला, कुलदैवताच्या जागी चर्च घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"मी आकडा मागितला होता," अर्जाकडे बघून मिस्टर सोलिन्याक म्हणाले.

"पण मोजायला सुरुवात तुमच्यापासूनच करायला हवी ना?"

हे त्यांना पटलं असावं. जोसेफ सोलिन्याक. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, चर्च. पत्नी रूथ. रूथ जाऊन एकवीस वर्षं झाली.

"मुलं?"

त्यांनी कॉफीचा मग उचलला, तो रिकामा आहे हे पाहिलं, आणि तरीही तोंडाला लावला.

"नाहीत म्हणून लिही."

गिरिजानं तसं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली.

मूळ सापडायला फारसे कष्ट पडले नाहीत. त्या बेटावरच्या एका शाळामास्तरांनी तिच्या ईमेलला ऐसपैस उत्तर पाठवलं. गावोगावच्या मास्तरांना हा नाद असतोच की काय, असं तिला वाटून गेलं. सोलिन्याक म्हणजे मिठागरावर राबणारी माणसं. एका वाडीत पूर्वी या नावाची अकरा घरं होती. मिठागरं बंद पडली, तरणी माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली, आणि मागे राहिलेल्यांतली शेवटची म्हातारी गेली त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. वाडी ओस पडलीय. म्हणजे क्रोएशियात शून्य. आपल्याकडचे लोणारी तसे हे, असं गिरिजाच्या मनात आलं आणि त्या न पाहिलेल्या वाडीबद्दल तिला उगाचच माया वाटली.

अमेरिकेतली मोजदाद मात्र किचकट निघाली. शंभराहून कमी माणसांची आडनावं इथलं जनगणना खातं यादीत घेतच नाही. मग मतदारयाद्या, घरांच्या नोंदी, जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता. प्रबंधाचं प्रकरण तसंच पडून राहिलं आणि गिरिजा पदर खोचून सोलिन्याकांच्या मागे लागली. पेनसिल्व्हेनियातले होते ते सगळे निधनवार्तांत सापडले. खाली राहणारा तेवढा एक जिवंत. चौथ्या दिवशी ती ओहायोच्या मतदारयादीत शिरली आणि खुर्चीतून उठलीच.

"आशू, इकडे ये! खालच्या काकांचा मुलगा सापडला!"

आश्लेषा हातात वरणभाताचा बाऊल घेऊन आली. ती पुण्याची, केमिकलला होती, आणि गिरिजाचे उत्साह जिरवणं हे आपलं कामच आहे असं समजून वागायची.

"डॅनिएल जोसेफ सोलिन्याक. जन्म एकोणऐंशीचा. बघ ना, डॅनिएल, वडील जोसेफ!"

"गिरिजा, यार." आश्लेषानं चमचा बाऊलमध्ये ठेवला. "ते मिडल नेम आहे. इथे मिडल नेम म्हणजे बाबांचं नाव नसतं गं. काहीही असतं. आजोबांचं, मामाचं, कुठल्यातरी सेंटचं. माझ्या लॅबमधल्या ब्रायनचं मिडल नेम रिव्हर आहे. मग त्याचे बाबा काय नदी आहेत?"

गिरिजा ओशाळली. शाळेच्या हजेरीपासून पासपोर्टापर्यंत मधलं नाव म्हणजे बाप, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की इथलीही सगळी मधली नावं ती दोन वर्षं तशीच वाचत आली होती. तिच्या गाइडचं नाव एलेन मेरी वॉल्श. त्यांच्या वडिलांचं नाव मेरी कसं असेल, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

"आणि काका तुला म्हणाले ना, मुलं नाहीत?"

"नाहीत म्हणून लिही, असं म्हणाले."

"मग? कशाला कुणाच्या पर्सनल गोष्टीत नाक खुपसतेस? उगाच काहीतरी बोलशील आणि त्यांना हर्ट होईल. आकडा मागितलाय, आकडा दे आणि मोकळी हो."

ते खरंच होतं. गिरिजानं डॅनिएलला नुसतं एक म्हणून मोजलं. त्याच पत्त्यावर एक मेलिसा सोलिन्याक होती, ती दुसरी. मतदारयादीत मुलं येत नाहीत, म्हणून तिनं त्या गावच्या शाळांची, क्लबांची पानं चाळली, तर उन्हाळ्यातल्या पोहण्याच्या स्पर्धांच्या निकालांत आणखी दोन सोलिन्याक निघाल्या. दोघी मुली. गिरिजा त्या दोन ओळींकडे बघत बसली. म्हणजे नाव डॅनिएलपाशी थांबणार, आणि हे आता आपल्याला खाली जाऊन सांगावं लागणार. तिचं मन खट्टू झालं.

रविवारी दुपारी ती खाली उतरली तेव्हा मिस्टर सोलिन्याक अंगणातली पानं दाताळ्यानं ओढून ढीग करत होते. ऊन छान पडलं होतं. रस्त्यावर कुणाचा तरी कुत्रा उगाच भुंकत होता.

"आकडा मिळाला," गिरिजा म्हणाली.

"बोल."

"पाच."

त्यांचा दाताळ्याचा हात थांबला.

"पाच?"

"तुम्हाला धरून. क्रोएशियात आता कुणी नाही. बाकीचे चार ओहायोत आहेत, एकाच घरात."

त्यांनी दाताळं पायरीला टेकवून ठेवलं. ते घसरून खाली पडलं, पण ते उचलायला वाकले नाहीत. कठड्याला धरून हळूहळू पायरीवर बसले.

"मी दोन धरले होते," ते म्हणाले. "लग्न केलं असेल तर तीन."

म्हणजे डॅनिएल त्यांचाच मुलगा होता! आश्लेषानं हसण्यावारी नेलेलं गिरिजाचं अडाणीपण खरं निघालं होतं, आणि त्याचा आनंद मानावा की काय करावं हे तिला कळेना. ती त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली बसली.

"त्याच्या आईला दफन करून आलो, त्या दिवशी मी त्याला बोललो," मिस्टर सोलिन्याक पानांच्या ढिगाकडे बघत म्हणाले. "बोलू नये ते बोललो. टेबलावर जेवण मांडलेलं होतं. त्यानं कोट घेतला आणि गाडी काढली. मला वाटलं, दोन दिवसांनी करेल फोन. त्याला वाटलं असेल, मी करेन."

कुत्रा भुंकायचा थांबला होता.

"मग वर्षं गेली. इतकी वर्षं गेली की आपला मुलगा आहे की गेला, हे विचारायचीही लाज वाटायला लागली. आकडा विचारायला तेवढी लाज वाटत नाही."

गिरिजाला एवढंच वाटत होतं, की आता उरलेलंही सांगून टाकावं. अर्धं पोटात ठेवून वर जाणं बरं नाही.

"पण मिस्टर सोलिन्याक, ती लहान दोघं आहेत ना, त्या मुली आहेत. तुम्ही म्हणाला होतात, नाव पुढे..."

"मुली?" ते तिच्याकडे वळले. "केवढ्या?"

"मोठी दहाची, धाकटी आठची असेल."

"नावं काय?"

"नोरा. आणि एव्ही."

त्यांनी दोन्ही नावं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. आधी एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

"तुला कसं कळलं हे?"

"गावच्या पोहण्याच्या स्पर्धेच्या निकालात आहेत. गेल्या जुलैमधल्या."

"पोहतात?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की गिरिजा दचकली. "रूथला पाण्याची भीती वाटायची. मला पोहता येत नाही. डॅनिएलला तर बाथटबमध्ये बसवायचं म्हणजे मारामारी. आणि या पोहतात? जिंकल्या का?"

"नोरा सहावी आली. पन्नास यार्ड बॅकस्ट्रोकमध्ये."

"आणि धाकटी?"

"तिला बाद केलंय."

"का?"

"ते लिहिलेलं नाही. शिट्टीच्या आधीच उडी मारली असेल."

मिस्टर सोलिन्याक हसले. दोन वर्षांत गिरिजानं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं; खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसण्यामुळेच येतंय की काय, ते सांगता येत नव्हतं.

"माझ्यावर गेलीय," ते म्हणाले.

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि कठड्याला धरून उठले. "पन्नास यार्ड," ते म्हणाले, आणि पायरीपासून यार्डभर लांब एकेक टांग टाकत निघाले. गिरिजाला आधी कळेना. ते आकडे मोजताहेत हे ऐकू आलं तेव्हा ती धावत जाऊन त्यांच्या बरोबरीनं चालू लागली. बाराला अंगण संपलं. वीस, एकवीस. शेजाऱ्यांची उभी गाडी मागे पडली. तिसाच्या पुढे त्यांना धाप लागली, टांगा आखूड व्हायला लागल्या, तेव्हा ते थांबले, श्वास घेतला, आणि पुन्हा पूर्ण लांबीची टांग टाकून एकतीस म्हणाले. गिरिजानं हात पुढे केला. तो त्यांनी धरला, पण मोजणं सोडलं नाही.

पन्नासाव्या टांगेला ते पलीकडच्या तिसऱ्या घरासमोर आले. त्यांनी मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. ते बरंच लांब राहिलं होतं.

त्या घरातल्या बाई कुंपणापाशी झुडपं छाटत होत्या. गेली तीस वर्षं त्यांच्या शेजारी राहणाऱ्या. म्हाताऱ्याला असा पोरीचा हात धरून, धापा टाकत भर रस्त्यात उभा बघून त्या कात्री खाली ठेवून लगबगीनं फाटकाशी आल्या.

"जो, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"काही नाही झालेलं," मिस्टर सोलिन्याक म्हणाले. त्यांनी एकदा नीट श्वास घेतला आणि दूरच्या आपल्या पायरीकडे बोट केलं. "माझी नात तिथून इथपर्यंत पोहते."