आत्याबाईंचा पिंजरा

मी एक जुना, जाळीचा पिंजरा आहे आणि मित्रांनो, मला राग आला आहे. तो नीट मांडता येईल की नाही याची शंकाच वाटते, कारण रागवायची मला सवय नाही. तरी प्रयत्न करतो.

लोखंडी तारा वळवून मला एका कारखान्यात बनवले. एका टोकाला वरून पडणारे दार आणि आत दोरीला बांधलेला दगड. दगड हलला की दार पडते. तिथून मी एका प्रयोगशाळेत आलो. तिथे रानातल्या बॅजरांचा अभ्यास चालत असे. बॅजर म्हणजे आखूड पायांचा, करड्या अंगाचा प्राणी. त्याच्या पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे असतात. जमिनीखाली बिळांचे मोठे घर खणून सगळे कुटुंब त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहते. त्यांना क्षयरोग होतो आणि गाईंनाही तोच होतो. कोणाचा कोणाला लागतो हे शोधणे आमच्या ताईंचे काम होते. ताई तिथल्या संशोधक.

मला रानात नेले की ताई घाई करत नसत. आधी काही दिवस माझे दार वर बांधून ठेवत आणि आत शेंगदाणे टाकत. बॅजरांनी निर्धास्तपणे यावे, खावे, जावे. त्यांची भीती गेली की मगच दार सोडत. पकडलेल्याला गुंगीचे औषध देऊन रक्त घेत, वजन करत, लस टोचत आणि शुद्धीवर आला की त्याच्याच बिळापाशी सोडत.

एक म्हातारी मादी तर शेंगदाण्यांसाठी पुन्हा पुन्हा येई. ताई तिला आत्याबाई म्हणत.

"या आत्याबाई! न बोलावता जेवायला हजर! वजन वाढलंय हो तुमचं. सांगत नाही कुणाला."

आत्याबाई नुसत्या फुरफुरत. त्यांचे रक्त दर वेळी निरोगी निघे.

रानाला लागूनच ताईंच्या थोरल्या भावाचा, दादांचा गोठा होता. त्यांच्या गाईंना क्षय निघाला आणि आजारी गाई मारून टाकाव्या लागल्या. चिखलाच्या बुटांनिशी ते प्रयोगशाळेत घुसले.

"तुझ्या लाडक्यांनी माझा गोठा रिकामा केला! मारूनच टाकायला हवेत ते!"

"दादा, अजून नक्की कळलेलं नाही. कदाचित तुझ्याच गाईंकडून त्यांना..."

"वा! म्हणजे चोर मीच?"

"तसं नाही रे. मला लस टोचू दे. काहींना मारलंत तर उरलेले घर सोडून पळतील, लांबच्या बिळांत घुसतील आणि आजार सगळीकडे नेतील."

"तू पुस्तकं वाच बाई. मला वासरं जगवायची आहेत."

दादांवर माझा राग नाही. रिकाम्या दावणीसमोर उभे राहिलेल्या माणसाला काय बोलायचे? माझा राग प्रयोगशाळेच्या साहेबांवर आहे. बॅजर मारायचे ठरले तेव्हा ते म्हणाले, "पिंजरे आपलेच आहेत आणि जनावरं धीट झालेली. आयतंच आहे सगळं."

ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, ते माझ्या भरवशावर आत येतात."

"भरवसा? बॅजर आहेत ते, तुमचे पाहुणे नाहीत. बाजूला व्हा."

मला उचलून नेले. त्याच जागी ठेवले, तसेच शेंगदाणे टाकले. सर्वांत आधी आत्याबाईच आल्या. दार पडले तरी त्या धडपडल्या नाहीत. खाऊन झाल्यावर स्वस्थ बसून राहिल्या. सकाळी माणसाची चाहूल लागताच मान वर केली. आता सोडतील, एवढेच त्यांना माहीत होते. बंदुकीची नळी माझ्याच जाळीतून आत आली. मला एकच दार, आणि तेही बाहेरून उघडणारे! असल्या जन्माची मला चीड येते.

पुढच्या वर्षी पलीकडच्या गोठ्यांतही गाई आजारी पडल्या. मग साहेबांना लस आठवली. या खेपेला दादा स्वतः आले. त्यांनी माझे दार वर बांधले आणि ओंजळीने शेंगदाणे टाकले.

"येतील ना गं?"

"माहीत नाही, दादा."

कोणी आले नाही. शेंगदाण्यांना बुरशी आली. ओल्या मातीत पावले उमटत, पण ती माझ्यापासून दूरच वळत.

साहेब म्हणाले, "पिंजरा गंजलाय. वास येत असेल. नवे मागवा."

नवे आले, चकचकीत. तेही रिकामेच राहिले.

गंजलो आहे मी, ते खरे. पण ती पावले गंजामुळे वळली नाहीत, हे त्या शिकलेल्या माणसाला कळू नये? मित्रांनो, एखाद्या मुक्या जिवाची भीती घालवाल तेव्हा एवढे लक्षात ठेवा. आजवर त्याला ती भीतीच राखत होती. यापुढे तुम्हाला राखायचे आहे. ते जमणार नसेल, तर त्याला घाबरूनच राहू द्या.