नऊशेच्या पुढे

हवाई दलाचे मेजर अल्मलोफ स्टॉकहोमहून आले होते. जेट लढाऊ विमान आमच्या कारखान्यात बांधायचं की इंग्रजांकडून तयार घ्यायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. आणि त्याच सकाळी माझ्या गणितात आमच्या चाचणीच्या विमानाचा पंख ताशी नऊशे किलोमीटरच्या पुढे थरथरून तुटत होता. गुरुवारी वैमानिक पहिल्यांदाच त्या वेगाला जाणार होता.

बैठकीआधी मी मुख्य अभियंता हेडेनस्कोग यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही.

"एकमार्कबाई, तुम्हाला इंग्रजांचं विमान फार आवडलेलं दिसतंय."

"पंख मागे वळवलाय, साहेब. पण मूळ गणितात सूत्र अजून जुन्या सरळ पंखाचंच वापरलंय."

"तपासलं कोणी होतं?"

"तुम्ही. सही आहे."

आमच्याकडे प्रत्येक गणितावर दोन सह्या लागतात. दुसरी सही करणाऱ्याने सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं. हेडेनस्कोगांनी नुसतीच सही केली होती.

"आत तोंड उघडलंत तर चारशे माणसं घरी बसतील," ते म्हणाले. "पहिल्या तुम्ही."

बैठकीत कॉफी ओतली गेली. हेडेनस्कोग छान बोलले. "चाळीस साली आपण अमेरिकेकडून विमानं मागवली. त्यांनी ती तिथेच अडकवून ठेवली. युद्ध दारात, आणि आपण हात चोळत बसलो! परक्याचं विमान म्हणजे परक्याची मर्जी."

मेजर मान हलवत होते. "गुरुवारच्या उड्डाणाला काही अडचण?"

"काहीच नाही."

"आहे," मी म्हणाले आणि हेडेनस्कोगांची सही असलेल्या मूळ गणितासकट माझा कागद पुढे सरकवला.

मेजरांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवत तो शेवटपर्यंत वाचला. हेडेनस्कोग माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

"इंग्रजांच्या विमानात हेच निघालं तर?" मेजरांनी मला विचारलं.

"त्यांची मूळ गणितं आपल्याला मिळणार नाहीत. नऊशेच्या पुढे जाऊ नका, असं पत्र येईल. तेही त्यांच्या सवडीने. आपला पंख नेमका कुठे जाड करायचा, ते मी सहा आठवड्यांत सांगते."

मेजरांनी कप बाजूला ठेवला. "गुरुवारचं उड्डाण रद्द. विमान इथेच बनेल. तपासणी मात्र यापुढे मुख्य अभियंत्यांकडे नको."

जिन्यात हेडेनस्कोगांनी मला गाठलं.

"चार लोकांत नाक कापलंत माझं."

"वैमानिक वाचला."

"सहा आठवडे म्हणालात. एक दिवस जरी वर गेला, तर तुमची पेटी मी स्वतः फाटकाबाहेर ठेवीन."

"पंखाचे नकाशे तेवढे आज द्या, साहेब."

त्यांनी ते पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी दिले.