गुंडूची इटली

मंगळवार पेठेतल्या त्या शाळेत सयाजी चौगुले सरांच्या गळ्यात इतिहास पडला तो निव्वळ अडला हरी म्हणून. त्या म्हणीत पाय कुणाचे धरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि स्टाफरूममध्ये त्यावर पोटभर हसूनही झालं होतं. इतिहासाच्या रूपाली मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली शिक्षक मिळेना, आणि वेळापत्रकात मोकळे तास दिसत होते ते फक्त खेळाच्या सरांचे.

मुख्याध्यापक हंबीरराव इंगवले हा गणिताचा माणूस. त्यांना जगात दोनच गोष्टी खऱ्या वाटत : बरोबर आणि चूक. त्यांनी सयाजी सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि नववी ‘ब’चं इतिहासाचं पुस्तक पुढ्यात सरकवलं.

“सहामाहीपर्यंत सांभाळा. आणि एक आधीच सांगून ठेवतो, चौगुले. शेवटचा तास रोज मैदानावर जातोय म्हणून पालकांची ओरड हाय. नववी ब चं एक जरी पोरगं इतिहासात नापास झालं, तर दिवाळीनंतर त्यो तास गणिताला.”

“एक जरी?”

“एक जरी.”

सयाजी सर बरं म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर आल्यावर त्यांना घाम फुटला. स्वतः दहावीला असताना इतिहासाने त्यांना ऑक्टोबरची वारी घडवली होती, ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेली नव्हती. पण खरी भीती वेगळीच होती. नववी ‘ब’तली निम्मी पोरं शाळेत यायची ती शेवटच्या तासासाठी. त्यातला गुंडू पोवार तर दोनदा शाळा सोडून बापाबरोबर गुळाच्या अड्ड्यावर हमाली करायला गेला होता. सरांनी दोन्ही वेळा त्याच्या बापाला, आकारामला, गाठून पोरगं परत आणलं, आणि पोरगं टिकलं ते एकाच कारणाने. गुंडू गोलकीपर होता, आणि असा होता की चेंडू त्याच्याकडे आपल्या पायाने यायचा. शेवटचा तास गेला की गुंडू गेला, हे सरांना लख्ख दिसत होतं.

पहिले दोन महिने सरांनी पुस्तक वाचून दाखवलं. औद्योगिक क्रांती झाली, वाफेचं इंजिन आलं, मँचेस्टरच्या गिरण्यांचे भोंगे वाजले, आणि नववी ‘ब’ गाढ झोपली. एकदा तर वाचता वाचता खुद्द सरांचाच डोळा लागला. मेहक मुल्लाणी नावाच्या चुणचुणीत मुलीने उठवलं आणि ती म्हणाली, “सर, तुमी बारा नंबरच्या पानावर हुता.”

सप्टेंबरात पहिल्या महायुद्धाचा धडा आला. पुस्तकात देशांची नावं भाजीच्या पिशवीसारखी कोंबून भरलेली. सरांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. अहो, ही तर लीग आहे. दोन गट आहेत, कोण कुणाच्या बाजूने उतरणार ते आधीच ठरलेलं आहे, आणि शिट्टी वाजायची वाट बघत सगळे बाह्या सरसावून उभे आहेत. हे आपल्याला नवीन आहे होय?

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. सरांनी वर्ग मैदानावर नेला आणि चुन्याची फक्की घेऊन जमिनीवर युरोप आखला. फ्रान्स थोडा चपातीसारखा झाला आणि रशिया सायकल स्टँडमध्ये घुसला, पण काम भागलं. पाण्याच्या टाकीचा उंच कट्टा म्हणजे ब्रिटन, कारण त्याच्या चारी बाजूंनी चिखल होता आणि चालत जायची सोय नव्हती.

देश वाटायला मात्र घाम निघाला. तीनच महिन्यांपूर्वी वर्ल्ड कप होऊन गेलेला, अख्ख्या पेठेत परदेशी झेंडे लागलेले, त्यामुळे निम्म्या वर्गाला ब्राझील पाहिजे होता. ब्राझील ह्या धड्यात नाही म्हटल्यावर पोरं रुसली. फायनलला गेला होता म्हणून जर्मनी नागसेनने घेतला. अंगापिंडाने नागसेन जर्मनीच होता. ब्रिटन मेहकने मागून घेतला आणि कट्ट्यावर चढून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ऑस्ट्रिया कुणालाच नको होता, तो सरांनी गैरहजर पोराच्या नावावर टाकला. निळी जर्सी आवडते म्हणून गुंडूने इटली घेतली आणि नागसेनच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मग जी मजा आली ती काय सांगावी. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, गैरहजर ऑस्ट्रियाच्या वतीने खुद्द सरच सर्बियावर धावले, सर्बियासाठी रशिया सायकल स्टँडमधून बाहेर आला, नागसेन बेल्जियम तुडवत फ्रान्समध्ये घुसला.

“मेहक, आता तू काय करणार?”

“उतरणार की सर. बेल्जियमला शब्द दिलता आमी.”

“शाबास. उतर.”

ती चिखलात उडी मारणार, तेवढ्यात थांबली. “सर, आणि आपण कुणीकडनं? भारत?”

सरांनी पान चाळलं. पुस्तकात ह्यावर दीड ओळ होती. “तुझ्याकडनं,” ते म्हणाले. “आपली दहा लाखांच्या वर माणसं गेलती. विचारलं कुणी न्हाय, टीमात नाव घालून टाकलं.”

“माझ्या टीमात हायत आणि मीच विचारलं न्हाय?” मेहकने कट्ट्यावरून खाली बघितलं. ब्रिटन असण्याची तिची हौस तिथं थोडी उतरली. तिने त्या दिवशी वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते १९१५ साली.

“आता गुंडू,” सर पुस्तक बघत म्हणाले, “तू जर्मनीची बाजू सोड आणि मेहककडं जा.”

गुंडू हलला नाही.

“गुंडू, तिकडं जा.”

“का म्हणून?”

“इटलीनं बाजू बदलली. पुस्तकात हाय.”

“मॅच चालू असताना?” गुंडूचा चेहरा असा झाला की सरांना वाटलं त्याला कुणी शिवी दिली. “सर, मी न्हाय जाणार. आमचा चुलता एकदा दुसऱ्या तालमीकडनं खेळला, तर आज्जीनं वर्षभर त्येच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पर बोलायची न्हाय. जर्सी बदलत न्हाईत आमच्यात.”

आता ह्यावर काय बोलणार? कोल्हापुरात माणूस धंदा बदलेल, पक्ष तर सकाळ-संध्याकाळ बदलेल, पण पेठ आणि तालीम, म्हणजे पेठेची फुटबॉलची टीम, बदलणाऱ्याला पाणी विचारत नाहीत. नागसेनने गुंडूच्या खांद्यावर हात टाकला. अख्खी नववी ‘ब’, दोस्त राष्ट्रांसकट, गुंडूच्या बाजूची झाली. सरांनी कारणं समजावली. इटलीची माणसं ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या मुलखात राहत होती, तो मुलूख देऊ असा गुपचूप करार ब्रिटन-फ्रान्सने केला, वगैरे. पोरांनी ऐकून घेतलं. गुंडू महायुद्ध संपेपर्यंत जर्मनीच्या शेजारून हलला नाही, आणि सरांनीही ताणलं नाही. तास छान झाला होता, पोरं जागी होती, आणखी काय पाहिजे?

माणसाने एवढं खूश होऊ नये.

सहामाही झाली. पेपर तपासायला सरांनी घरी आणले आणि एकेक बघताना त्यांचा ऊर भरून आला. जी पोरं दोन ओळींवर जात नव्हती त्यांनी पानं भरली होती. मेहकने भारताच्या सहभागावर पुरवणी जोडली होती. नागसेनला सव्वीस. पास, पास, पास. शेवटचा पेपर गुंडूचा निघाला. चाळीसपैकी चौदाला पास, आणि गुंडूची बेरीज झाली तेरा.

सरांनी चार वेळा मोजलं. तेराच.

गुंडूने एका प्रश्नाचे तीनही गुण घालवले होते. प्रश्न होता, ‘कारणे द्या : १९१५ साली इटली दोस्त राष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरली.’ गुंडूने लिहिलं होतं : ‘उतरली नाही. इटली शेवटपर्यंत जर्मनीबरोबर होती. एकदा शब्द दिल्यावर सोडत नाहीत.’ खाली दोनदा रेघ ओढली होती.

सर कपाळाला हात लावून बसले. वरच्या एका उत्तराला त्यांनी दोन गुण दिले होते, आणि मराठी दोनाचा तीन करायला लाल पेनाचा एक फटकारा पुरतो. पेन उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. पण वीस वर्षं ह्या माणसाने पेठेच्या मॅचेसना शिट्टी मारली होती. घराच्या काचा दोनदा फुटल्या, तरी झाला नाही तो गोल त्यांनी कधी दिला नव्हता. पेन त्यांनी टोपण लावून खिशात टाकलं आणि स्वतःच्या प्रामाणिकपणाला मनातल्या मनात दोन सणसणीत शिव्या घातल्या.

सकाळी त्यांनी गुंडूला मैदानाच्या कडेला गाठलं.

“उत्तर येत नव्हतं व्हय रं तुला?”

“येत हुतं की. पाठ हुतं.”

“मग?”

“मीच इटली हुतो सर. माझ्याच हातानं कसं लिवू?” मग तो जरा चाचरला. “बाकीच्याचं धरून पास हुतोय असं वाटलं. झालो न्हवं?”

“तेरा.”

गुंडूला तेराचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. मैदानाच्या तासाची अट साऱ्या वर्गाला माहीत होती. तो गोलपोस्टकडे बघत राहिला. एवढं दांडगं पोरगं, पण त्याने तोंड फिरवून बाहीला डोळे पुसले, आणि सरांना भयंकर वाईट वाटलं. आपणच ह्याला इटली केलं, आणि त्याने ती मनापासून केली, एवढाच त्याचा गुन्हा.

सर तो पेपर घेऊन तडक केबिनमध्ये गेले. इंगवले सरांनी उत्तर वाचलं, चष्मा वर ढकलून पुन्हा वाचलं. ते गणिताचे असले तरी शिवाजी पेठेचे होते.

“ह्यो कुणाचा?”

“आकाराम पोवारचा. त्याला येतं सर. लिहिलं न्हाय.”

“येतं आणि लिहिलं न्हाय, म्हंजे शून्यच.” इंगवले सरांनी टेबलावर बोटं वाजवली. “बोलवा त्याला. तोंडी विचारतो, माझ्यासमोर. सांगितलं तर एक मार्क. न्हाय सांगितलं तर मग माझ्याकडं बघायचं न्हाय.”

गुंडू आला. खिडकीतून मैदान दिसत होतं, त्यावर नववी ‘ब’ घोळका करून उभी होती आणि कुणीही खेळत नव्हतं.

“इटलीनं बाजू बदलली का न्हाय?” इंगवले सरांनी विचारलं.

गुंडूने खिडकीतून गोलपोस्टकडे बघितलं. सयाजी सरांनी आयुष्यात पेनल्टीच्या वेळी डोळे मिटले नव्हते, ते आता मिटले.

“बदलली,” गुंडू म्हणाला. आवाज इतका बारीक की त्याचा वाटेना.

“का बदलली?”

“त्येंचा मुलूख ऑस्ट्रियाकडं हुता सर. माणसं इटलीची आणि जागा दुसऱ्याच्या ताब्यात. ब्रिटननं सांगिटलं, आमच्याकडं या, तुमची जागा तुमाला देतो.”

उत्तर पुरं झालं होतं. इंगवले सरांनी लाल पेन उघडलं. पण गुंडू थांबला नाही.

“मला वाटायचं इटली फितूर. पर आत्ता ह्या दारातनं आत येताना कळलं सर. आपलं ग्राउंड जायाची येळ आली की माणूस बदलतंय. त्येला बी लई वाईट वाटलं असंल.”

इंगवले सरांनी पेपरवर एक गुण दिला, सही केली, आणि पेपर सयाजी सरांच्या हातात देताना म्हणाले, “जावा. तास तुमचा.”

गुंडू मान खाली घालून मैदानावर गेला. सर दहा पावलं मागे राहिले. घोळका बाजूला झाला आणि नागसेन पुढे आला. जर्मनीसमोर जाऊन गुंडू उभा राहिला तेव्हा सरांनी गरज पडली तर मध्ये पडायची तयारी ठेवली होती.

“सांगिटलंस?” नागसेनने विचारलं.

“सांगिटलं.”

नागसेनने नाक पुसलं. “बरं केलंस,” तो म्हणाला. “चल, गोलात हुबा ऱ्हा.”

आणि खेळ सुरू झाला. सयाजी सर टाकीच्या कट्ट्यावर बसले. इतकं बरं त्यांना फार दिवसांत वाटलं नव्हतं. बसल्या बसल्या त्यांनी पुस्तक उघडून पुढचा धडा काढला. व्हर्सायचा तह. टेबलाभोवती बसलेल्या कोटवाल्या माणसांचं चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं की त्यांनी असा तह केला की वीस वर्षांत पुन्हा महायुद्ध पेटलं. सरांनी चित्राकडे बघितलं, मग नागसेनकडे बघितलं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना एवढं साधं का जमलं नाही, असं उद्या नववी ‘ब’ विचारणार, म्हणून सरांनी तो प्रश्न पानाच्या कडेला आधीच लिहून ठेवला.