बाबलो नावाची होडी

मी होडी बोलतेय. जात बायकी, पण नाव मात्र बाबलो. हसलात? हसा. किनाऱ्यावर सगळे हसले होते, पण नाव बदलायची कुणाची छाती झाली नाही.

तळाशीलच्या रामचंद्राने मला फणसाच्या लाकडातून बांधायला घेतलं, तेव्हा त्याचा थोरला मुलगा सत्यवान फौजेतून रजेवर आला होता. घरात त्याला बाबलो म्हणत. घराणं मासेमारीचं, पण ह्याला होडी लागायची. लाट आली की ओकलाच. "दर्याक नको झालो, म्हणान मिलिटरीन घेतलो," असं रामचंद्र चारचौघांत सांगायचा आणि बाबलोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मी जमिनीवर, अर्धवट बांधलेली. म्हणूनच तो माझ्यात ऐटीत बसून कैऱ्या खायचा आणि माझ्या फळ्यांवर मीठ सांडायचा मेला. निघताना थाप मारून म्हणाला, "पुढच्या रजेक हिका पाण्यात घालूया."

रजेआधीच तो तिरंग्यात आला. सीमेवरच्या चकमकीत त्याने दोन जखमी सोबत्यांना ओढून बाहेर काढलं. तिसऱ्यासाठी परत गेला आणि गोळी लागली. सरकारने शौर्यचक्र दिलं, गावाने कमान उभारली. मी अंगणात तशीच पडून होते.

मग लोक त्याला 'शहीद सत्यवान' म्हणू लागले. मानाने म्हणत, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आईला, तुळसाला वाईट वाटेल म्हणून 'बाबलो' हा शब्दच गावाने गिळून टाकला. तिला नेमकं त्याचंच वाईट वाटायचं.

शेवटी रामचंद्राने मला पुरी केली. पेंटरने माझ्या अंगावर सुबक लिहिलं, 'शौर्यचक्र विजेते शहीद सत्यवान'. तुळसा नारळ फोडायला आली. धाकट्या विकीने तिला नाव वाचून दाखवलं. तिने नारळ खाली ठेवला.

"ह्यो खंयचो सायब? माझो बाबलो खंय आसा?"

"अगो, मानाचा नाव आसा ता," रामचंद्र म्हणाला. "लोक काय म्हणतले?"

"मान कपाटात आसा. माका हाक मारूक नाव होया."

रामचंद्राने पेंटरची अक्षरं पुसली. त्याने स्वतःच ब्रश घेतला. अक्षरं वाकडी आली, पण पाण्यावरून कुणालाही हाक मारता येईल असं ते नाव होतं.

मी पाण्यात गेले त्या पहिल्याच संध्याकाळी तुळसा मासळीची टोपली घेऊन वाळूत उभी होती. "बाबलो इलो?" तिने विचारलं. मग विकीने पाण्यातूनच सांगितलं, "इलो गो आये." ती तिथेच बसली आणि पोटभर रडली. दुसऱ्या दिवसापासून रडली नाही, फक्त विचारत राहिली. आता सगळा किनारा तिला उत्तर देतो.

पण मी म्हातारी झाले. फळ्यांतून पाणी शिरतं. विकीने फायबरची होडी आणलीय आणि मला माडाखाली पालथी घातलीय. त्याचा मला राग नाही. नव्या होडीवर अजून नाव नाही, आणि उद्या ती पहिल्यांदा पाण्यात जाईल. संध्याकाळी तुळसा टोपली घेऊन येईल आणि विचारेल.

विकी, माझ्या फळ्या चुलीत घाल, नाहीतर कोंबड्यांचं खुराडं कर. नाव तेवढं नव्या होडीवर घाल. आणि जरा जपून ने रे. आमच्या बाबलोला होडी लागते.