बांगडीची निशाणी

देगलूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. इकडच्या एका जहागिरीचा कारभारी दीडशे वर्षांपूर्वी हैदराबादला मालकाला पत्रं धाडायचा, त्यांवर मी पुस्तक लिहिलं. एका पत्रात होतं की चांगुणा नावाच्या बाईने धान्याच्या पेवातली ज्वारी चोरली, म्हणून लेकरं मागे ठेवून तिला वेशीबाहेर घालवली. गावाच्या नावासकट मी ते जसंच्या तसं छापलं. मोठी प्रामाणिक ना मी!

परवा त्या गावच्या कस्तुराबाई पुस्तक घेऊन घरी आल्या. चांगुणा त्यांच्या सासऱ्यांची पणजी. गावात आता त्यांच्या नातीला, ऋतुजाला, ‘चोराच्या घरची’ म्हणून चिडवतात.

“बाई, त्यो कारभारी म्हणला ते तुमी छापलं. ती काईच बोलली न्हाई का?”

“पत्रात तसं काही नाही,” मी म्हणाले. म्हणता म्हणताच आठवलं.

पत्रं जीर्ण झाली होती. त्यांच्या पाठीला कागद लावायला मी ती लालमहंमदचाचांच्या बाइंडिंगच्या दुकानात दिली होती. तेव्हा चांगुणाबद्दलचं पत्र उलटून चाचांनी विचारलं होतं, “म्याडम, ह्याच्या मागं बी चार वळी हायत, अन् एक गोल हाय. चिकटवू का?”

मला पुण्याच्या परिषदेची घाई. “पेल्याचा डाग असेल, चाचा. चिकटवा.”

लिहिता न येणाऱ्यांच्या जबानीखाली सहीऐवजी निशाणी काढत, कुणब्याची नांगर, बाईची बांगडी, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून दाखवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तशीच ते पत्र आणि कस्तुराबाईंना घेऊन दुकानात गेले आणि दोघांसमोर सगळं कबूल केलं. मान वर करवेना. चाचांनी कागद उलटसुलट पाहिला.

“खळ लई पक्की बसली. भिजवलं तर शाई बी जाईल.”

“काढा,” कस्तुराबाई म्हणाल्या. “बघू तर द्या.”

चाचा तासभर ओल्या फडक्याने कागद सोडवत होते. शाई खळीबरोबर निघून आली. चार ओळींच्या जागी काळपट ओल उरली. जाड शाईची बांगडी तेवढी राहिली होती.

कस्तुराबाईंनी आपलं मनगट तिच्याशेजारी टेकवलं.

“म्हंजी बोलली होती ती!” त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“काय बोलली? वाचा की, बाई. तुमाला तर वाचाया येतंय.”